वाकळेच्या पोटातील प्रतवारी

कापडाची प्रतवारी करण्याच्या दोन पद्धती धाराशिव जिल्ह्यात प्रचलित असून त्या परस्परांच्या नेमक्या उलट आहेत. पहिली पद्धत कापडदुकानाची. तिच्यात जे कापड नवे, खळ दिलेले, कडक घडीचे आणि चकचकीत असेल ते श्रेष्ठ ठरते, आणि त्याची किंमत गिऱ्हाइकाला बसायला गादी व प्यायला चहा दिल्यानंतरच सांगितली जाते. दुसरी पद्धत वाकळेची. वाकळ म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर एकावर एक अंथरून आणि त्यांवर हाताने धावदोरा घालून शिवलेले जाड अंथरूण किंवा पांघरूण. इतरत्र ते गोधडी या नावाने ओळखले जाते, तर उमरगा-नळदुर्गाच्या बाजूला कानडी बोलणारे पाहुणे त्याला कौदी म्हणतात. या दुसऱ्या पद्धतीत, जे कापड दहा-बारा वर्षे अंगावर वागवले गेले, धुण्याच्या दगडावर असंख्य वेळा आपटले गेले, ज्याची खळ पहिल्या महिन्यात आणि रंग पाचव्या वर्षी निघून गेला, आणि जे आता उजेडासमोर धरले असता पलीकडे उभा असलेला माणूस कोणत्या घरचा हे सांगता येते, ते पहिल्या प्रतीचे मानले जाते. नव्या कापडाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागतो, कारण ते अद्याप काहीच शिकलेले नसते.

या शास्त्रावर ग्रंथ झालेला नाही, याचे कारण त्यातील अधिकारी व्यक्ती लिहीत नाहीत, त्या शिवतात. आणि शिवताना त्या शिवण्याखेरीज अन्य सर्व विषयांवर बोलतात. त्यामुळे एखाद्या जिज्ञासूने चार दुपारी जवळ बसून ऐकले, तरी गावातील कोणती सोयरीक कोणामुळे मोडली याची साद्यंत माहिती त्याच्या पदरी पडते. आत धोतरच का घातले या प्रश्नाचे उत्तर मात्र 'मग काय घालायचं?' या प्रतिप्रश्नापलीकडे जात नाही.

जिल्ह्याची कापडाशी असलेली ओळख मात्र ग्रंथांत सापडते, आणि तीही परक्यांच्या. धाराशिव तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील ग्रंथात, जो मुळात व्यापाऱ्याने व्यापाऱ्यांसाठी केलेला बंदरे आणि बाजारपेठांचा वाटाड्या होता, पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवरील तगर नगरातून साधे कापड पुष्कळ प्रमाणात, तसेच मलमलीचे नाना प्रकार, गाड्यांत भरून धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. (रस्त्यांविषयीच्या या निरीक्षणात दोन हजार वर्षांत फारशी दुरुस्ती करावी लागलेली नाही, असे म्हणणारे प्रवासी जिल्ह्यात अजूनही भेटतात.) तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, मणी, मृण्मूर्ती, हस्तिदंती कारागिरी असे बरेच काही हाती लागले आणि त्यातील मोठा भाग तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात मांडलेला आहे. कापडासारखी नाशिवंत वस्तू मातीत टिकत नाही, असे पुरातत्त्वज्ञ यासंबंधी सांगतात. हे मत शास्त्रीय दृष्ट्या बिनचूक असले तरी अपुरे वाटते, कारण मातीत टिकण्यासाठी किंवा न टिकण्यासाठी कापड आधी मातीपर्यंत पोहोचावे लागते, आणि या भागातील घरांत ते सहजासहजी तेथवर पोहोचू दिले जात नाही.

वाकळेच्या रचनेचा पाया नऊवारी लुगडे हा आहे, आणि त्यामागे भावना कमी व गणित जास्त आहे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर. या लांबीचे चार समान तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून थोडा अधिक भरतो, म्हणजे सहा फुटी माणसाचे डोके आणि पाय एकाच वेळी झाकून वर वीतभर कापड शिल्लक राहते. दोन तुकडे शेजारी जोडले की पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, नवरा-बायको आणि मध्ये आडवे झोपणारे एक मूल यांना पुरेल इतकी होते. उरलेले दोन तुकडे तसेच जोडले की दुसरी बाजू तयार होते. अशा रीतीने एकाच लुगड्यात वाकळेचा तळ आणि माथा दोन्ही साधतात, काहीही वाया जात नाही, आणि जाड विणीचे काठ कडेला आणले की गोट लावण्याचा, म्हणजे कडेची पट्टी स्वतंत्रपणे शिवण्याचा, खटाटोपही वाचतो. लुगडे विणणाऱ्याच्या मनात हा हिशेब होता असे म्हणता येणार नाही. परंतु नेसणारीच्या मनात तो पहिल्या दिवसापासून नव्हता असेही खात्रीने सांगता येत नाही.

सहावारी साडी घरात आली तेव्हा या गणिताला पहिला तडा गेला. सहा वार म्हणजे साडेपाच मीटर. त्याचे तीन तुकडे केले तर प्रत्येक तुकडा सहा फुटांचा होतो, कडेच्या दुमडीत त्यातील चार बोटे जातात, आणि शिवाय तिसऱ्या तुकड्याला जोडीदार मिळत नाही. दोनच तुकडे केले तर प्रत्येकी पावणेतीन मीटर लांबीची वाकळ होते, जी पायांखाली दुमडावी की डोक्याखाली, यावर दर रात्री विचार करावा लागतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण नऊवारीच्या वाकळेखाली निवांत पडून होती. सहावारीने तिला पुन्हा कामाला लावले.

दोन बाजूंच्या मधल्या जागेला पोट म्हणतात आणि त्यात घातल्या जाणाऱ्या कापडाला भर. निवडीची खरी कसोटी या ठिकाणी लागते. भरीसाठी सर्वांत मानाचे कापड म्हणजे विरलेले धोतर, ज्याचे धागे अजून तुटलेले नाहीत परंतु आपापसांतील आग्रह सोडून सैल झालेले आहेत. साधारण साडेचार मीटरांचे पान मधोमध दुमडले की लांबी वाकळेशी बरोबर जुळते, त्यात शिवण नसते, गुंडी नसते, खिसा नसतो, आणि सुई त्यातून कुरकुर न करता जाते. धोतर नेसणारी पिढी संपत आली तेव्हा तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणारे लेख पुष्कळ निघाले. वाकळेची भर कोठून आणायची हा त्यातील व्यवहारी प्रश्न मात्र कोणाही लेखकाने उपस्थित केला नाही. धोतराखालोखाल जुन्या सुती चादरी, लंगोटापुरत्याही न उरलेल्या पंच्यांचे तुकडे, आणि लहान मुलांची झबली येतात. सोलापूर शेजारीच असल्यामुळे तेथील जाडजूड चादर प्रत्येक घरात कधी ना कधी येतेच, आणि पंधरा-वीस वर्षे वरून पांघरली गेल्यावर तिला वाकळेच्या पोटात निवृत्तीची जागा मिळते. मात्र अशा एका चादरीने दोन धोतरांची जागा अडते आणि सुई दर टाक्याला थबकते, म्हणून तिला घेण्याआधी दाभण, म्हणजे पोती शिवण्याची जाड सुई, घरात आहे ना याची खात्री करून घेतली जाते.

सदऱ्याचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. अखंड सदरा पोटात जात नाही. त्याची आधी उकल करावी लागते. गळपट्टी, बाह्यांच्या पट्ट्या, खिसा आणि काजाबटणांची दुहेरी पट्टी कापून बाजूला काढली जाते, बटणे डब्यात पडतात (या डब्यातील बटणे कोणत्याही दोन एकसारखी नसतात, तरीही तो डबा कधी टाकला जात नाही), बाह्या कोपरावर गेलेल्या असतात आणि पुढचे भाग पोटावर. सरतेशेवटी सबंध उरते ती पाठ. पुरुषाने वीस वर्षांत केलेल्या एकूण कामांपैकी पाठीने काय केले याचे हे वस्तुनिष्ठ प्रमाण असल्याचे काही ज्येष्ठ स्त्रिया मानतात. भर पसरून झाली की शिवणारी बाई डोळ्यांनी काही पाहत नाही. ती तळहात सपाट ठेवून एका कडेपासून दुसरीकडे फिरवत नेते, आणि जेथे हात किंचित वर उचलला जातो तेथे थांबून दोन बोटांनी आतला तुकडा ओढून घेते. त्या जागी एखादी विसरलेली शिवण, नेफ्याचा, म्हणजे नाडी ओवण्याच्या दुमडीचा, राहिलेला भाग, किंवा एकावर एक चढलेल्या दोन कडा सापडतात. हा उंचवटा तसाच राहिला तर पुढील पंधरा वर्षे तो नेमका कोणाच्या तरी बरगडीखाली येतो, आणि वाकळेत तो कोणाच्या वाट्याला येईल हे घरातील ज्येष्ठतेवर ठरते.

कपडा निकामी झाला आहे असे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नावर घराघरांत मतभेद आहेत, परंतु निर्णयप्रक्रिया सर्वत्र सारखी आहे. पुरुष मंडळींची साक्ष ग्राह्य धरली जात नाही, कारण त्यांच्या मते त्यांचा कोणताही सदरा अजून दोन वर्षे सहज जातो. 'आत्याबाई, ही पॅन्ट घालू का पोटात?' असे सुनेने विचारावे, सासूने कापड चिमटीत धरून चुरगाळून पाहावे आणि 'नगं माय, सुई मोडंल' असे म्हणून ते बाजूला टाकावे, एवढ्यावर खटला निकाली निघतो. जीन्सच्या बाबतीत तर चिमटीचीही गरज पडत नाही. ज्या कापडाची शिवण दुकानात टिकाऊपणाची खूण म्हणून दाखवली जाते, तीच येथे त्याच्या अपात्रतेचा पुरावा ठरते. तरुण मंडळी गुडघ्यावर आधीच फाडलेली जीन्स विकत आणतात, तेव्हा घरातील वृद्ध स्त्रीच्या चेहऱ्यावर दिसणारी खिन्नता ही सामान्यतः समजली जाते तशी नैतिक स्वरूपाची नसते. जे कापड फाटूनही उपयोगाचे नाही त्यावर खर्च झाल्याची ती खंत असते.

टेरिलीन, टेरिकॉट आणि पुढे निव्वळ पॉलिस्टर यांच्या आगमनाने वाकळेसमोर जे संकट उभे राहिले त्याची तुलना दुसऱ्या कशाशी करता येणार नाही, कारण ही वस्त्रे जुनी होतच नाहीत. त्यांचा रंग जात नाही, सूत विरत नाही, आणि वीस वर्षांनंतरही ती खरेदीच्या दिवशी होती तितकीच अंगाला परकी राहतात. वस्त्रशास्त्र असे सांगते की प्रमाणित हवामानात कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे 8.5 टक्के इतका ओलावा धरून ठेवतो, तर पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. याचा अर्थ असा, की सुती वाकळ रात्रीचा घाम मुकाट्याने पोटात घेते आणि पॉलिस्टरची वाकळ तो घामाच्या मालकाला परत करते. शिवाय गुळगुळीत थर एकमेकांवर टिकत नाहीत. माणूस कुशीवर वळला की वरचा थर तळाला मागे सोडून पुढे जातो, पहाटेपर्यंत सगळी भर एका टोकाला गोळा होते, आणि हिवाळ्यात अंधारात ओढाताण झाली की बारीक ठिणग्या उडून लहान मुलांचे शिक्षण होते. ऊब मुळात कापडाची नसून थराथरांत अडकून राहिलेल्या हवेची असते. आणि हवेला अडवून ठेवण्याइतका खडबडीतपणा ज्याच्या अंगी नाही, त्याच्याकडून ऊब मिळण्याची अपेक्षा करणे व्यर्थ होय. तरीही नायलॉनची फुलाफुलांची साडी वाकळेच्या माथ्यावर दिसते. ती तेथे उबेसाठी नसते, पाहुण्यांसाठी असते.

नव्या कापडाचा क्रमांक शेवटचा असला तरी त्याच्यासाठी एक पळवाट ठेवलेली आहे. हळदीकुंकवात आणि ओटीत येणारे ब्लाउजपीस एका घरातून दुसऱ्या घरात असे फिरत राहतात की त्यांतील पुष्कळांच्या नशिबी कात्री कधीच येत नाही. घड्यांवर उभी फट पडून ते आपोआप तुटू लागले की त्यांना न वापरताच जुने झाल्याचा दर्जा मिळतो आणि माथ्यावर रंगीत चौकटी म्हणून त्यांची वर्णी लागते. लग्नाकार्यात आणि सत्कारात मिळणाऱ्या टॉवेल-टोपीपैकी टॉवेल भरीला उत्तम. टोपीचा मात्र वाकळेत काही उपयोग होत नाही, ही सत्कारसंस्थेतील उणीवच म्हणावी लागेल. निवडणुकांनी एके काळी या कलेला मोठा हातभार लावला होता. कापडी फलक आणि झेंडे निकालाच्या दुसऱ्या दिवशी घरोघर दिसेनासे होत, आणि प्रचारात एकमेकांचे तोंडही न पाहणारे पक्ष पुढील हिवाळ्यात एकाच वाकळेच्या पोटात एकाच धावदोऱ्याने बांधलेले आढळत. फ्लेक्सच्या फलकाने हे सर्व थांबवले. फ्लेक्स गोठ्यावर किंवा कडब्याच्या गंजीवर टाकता येतो, पण पांघरता येत नाही, त्यामुळे नेत्यांचे चेहरे आता पूर्वीपेक्षा मोठे झाले असले तरी त्यांचा जनतेशी असलेला संपर्क उरलेला नाही.

जुन्या कपड्यावर वाकळेचा एकटीचा हक्क असतो असे नाही. दुसरी दावेदार बोहारीण असते, म्हणजे जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देत दारोदार फिरणारी बाई. ही प्रतवारीची तिसरी पद्धत मानावी असे काहींचे मत आहे, परंतु तिच्यात स्वतंत्र तत्त्व नाही. बोहारणीला जे हवे असते ते वाकळेला नको असते, आणि त्यामुळे उभयपक्षी सलोखा राहतो. पॅन्टा, जरीच्या साड्या आणि पॉलिस्टरचे सदरे पातेल्याकडे जातात, विरलेले सूत वाकळेकडे. भांडण लागते ते मधल्या कपड्यांवरून. एक बरी साडी आणखी दिली तर झाकणासह डबा मिळतो, नाही तर बिनझाकणाचा, अशा पेचात पडलेली गृहिणी दारात उभी राहून जो विचार करते, त्यात हिवाळा आणि झाकण यांची तुलना असते. झाकण बहुतेक वेळा जिंकते.

वाकळ शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा आहे. ज्वारीची रास घरात आलेली असते, शेतात काम नसते, आणि पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. अशा दुपारी दारच्या लिंबाखाली चार बायका मांडीवर चार थरांचे कापड घेऊन बसतात आणि ऊब कमी पडू नये म्हणून पाचवा घालावा की काय याची चर्चा करतात. सुईत दोरा ओवण्यासाठी शेजारपाजारची नातवंडे धरून आणली जातात, कारण शिवणारीचे हात अजून तयार असले तरी डोळे मागे पडलेले असतात. टाके कडेने सुरू होऊन चौकटीच्या आत चौकट करीत मध्याकडे सरकतात, दोन रांगांत बोटभर अंतर राहते, आणि चारी कोपऱ्यांवर चौघी बसल्या असतील तर प्रत्येकीचा टाका वेगळा ओळखू येतो. कोणाचा टाका लांब आहे हे त्या वेळी कोणी बोलून दाखवत नाही. ती वाकळ अंथरली जाईल तोपर्यंत ते सर्वांच्या लक्षात राहते.

थर किती घालावेत याची मर्यादा थंडीने ठरत नाही, धुण्याने ठरते. नवरात्राआधी घरातील भांडीकुंडी, अंथरुणे-पांघरुणे सगळी बाहेर काढून स्वच्छ करण्याची जी रीत आहे, तिच्यात वर्षातून एकदा वाकळांची रवानगी नदीवर, विहिरीवर किंवा अलीकडे बोअरच्या हौदावर होते. कोरडी असताना एका हाताने उचलली जाणारी वाकळ भिजली की दोघींनाही आवरत नाही. दोन टोकांना दोघींनी धरून उलटसुलट पीळ घालायचा आणि मध्ये तिसरीने उभे राहून सूचना द्यायच्या, अशी त्या कामाची विभागणी असते. म्हणून जाणत्या स्त्रिया सहाव्या थराला नकार देतात, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी, जे या जिल्ह्यात अपवादाने घडते असे नाही, पाचव्यालाही. धुण्याच्या यंत्रात वाकळ घालून पाहणाऱ्यांची उदाहरणे शहरात सापडतात. यंत्र तिला भिजवते, पण फिरवू शकत नाही.

नवरात्राआधीच्या या रीतीचा तुळजापूरशी एक विलक्षण योगायोग आहे. तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवली जाते, या निजण्याला मंचकी निद्रा म्हणतात: शारदीय नवरात्रापूर्वीची घोर निद्रा, दसऱ्यानंतरची श्रम निद्रा आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वीची मोह निद्रा. दसऱ्याचा पलंग नगरहून वाजतगाजत येतो. यांपैकी घोर निद्रा भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत चालते. आणि नेमक्या याच दिवसांत जिल्ह्यातील यच्चयावत वाकळा ओल्या होऊन कुंपणांवर, बाभळींवर आणि गच्च्यांवर पडलेल्या असतात. देवी मऊ गादीवर गाढ झोपलेली आणि भक्त उघड्या चटईवर कूस बदलत नवरात्राची वाट पाहत आहेत, असे हे वर्षातील एकमेव आठवड्याचे चित्र असून त्याबद्दल भक्तांनी कधी तक्रार केल्याचे दिसत नाही.

अलीकडे मोठ्या शहरांतील दुकानांत नव्या कोऱ्या कापडाची गोधडी मिळू लागली आहे. तिच्यासाठी कापड आधी धुऊन मऊ करतात, रंग मुद्दाम फिके निवडतात, आणि मग तीन-चार हजार रुपयांना ती आजीच्या आठवणीसह विकतात. अमेरिकेत तर याच्या पुढची पायरी गाठलेली आहे. तेथे फ्लॅनेलचे, म्हणजे लव असलेल्या मऊ सुती कापडाचे, नवे चौकोन कापून, मध्ये भर घालून, शिवणी मुद्दाम वरच्या बाजूला ठेवतात, त्या शिवणींना कात्रीने जवळजवळ काप देतात, आणि नंतर संपूर्ण पांघरूण यंत्रात धुऊन त्या कडांचे दोरे सुटून त्या लोंबू लागेपर्यंत थांबतात. धाराशिवच्या वाकळेला या अवस्थेस पोहोचायला एक बाळंतपण, दोन परीक्षा आणि एक कुत्रा पुरेसा होतो, आणि कात्रीची गरज लागत नाही.

वाकळ स्वतः विरली की तिला टाकून देण्याचा प्रश्न उद्भवत नाही, कारण आता ती वरच्या प्रतवारीनुसार पहिल्या प्रतीचे कापड झालेली असते. तिला अखंड उचलून नव्या वाकळेच्या पोटात घातले जाते, आणि त्यामुळे एखादी वाकळ नेमकी कोणत्या वर्षाची हा प्रश्न तेरच्या उत्खननाइतकाच किचकट बनतो. वरचा थर नातसुनेच्या साडीचा, त्याखाली आजीचे लुगडे, आणि त्याच्या पोटात ज्याचे नाव आता कोणालाच सांगता येत नाही अशा कोणाचे तरी धोतर. हे दोनदा झाल्यावर मात्र तिची पदावनती सुरू होते. ती प्रथम बैलगाडीत अंथरली जाते, नंतर विहिरीवरच्या इंजिनावर झाकली जाते, पुढे फाडून तव्यावरून भाकरी आणि चुलीवरून पातेले उतरवण्याचे फडके होते, आणि अखेरीस पोतेरे, म्हणजे शेणामातीने जमीन सारवण्याचा बोळा, हे तिचे शेवटचे पद असते. घरोघर फरशी बसली तेव्हा हे पद रद्द झाले. त्या जागी आता मोटारसायकल पुसण्याची नेमणूक होते, आणि तेथेही पॉलिस्टर चालत नाही. ते पाणी शोषत नाही आणि टाकीवर ओरखडे पाडते, ही गोष्ट घरातील तरुण मुलगा आजीला समजावून सांगत असतो.